हाड कुठे मोडतं आणि का

संक्रांतीच्या तीन दिवसांत येवल्यातली एकही गच्ची रिकामी नसते. नजर आभाळातल्या पतंगावर, हातात मांज्याची आसारी आणि पाय एकेक पाऊल मागे. कठडा बुटका असला की व्हायचं ते होतं. पायांवर उभा पडलेला माणूस टाच धरून कळवळतो, बाकी अंगाला साधं खरचटलेलंही नसतं. तरी दवाखान्यात टाचेसोबत कमरेचाही एक्स-रे काढायला सांगतात आणि सोबतच्या मंडळींना वाटतं, बिल फुगवायला निघालेत. तसं नसतं. उंचावरून टाचेवर आदळून टाच मोडलेल्या साधारण दहांतल्या एकाचा मणकाही दबलेला निघतो, आणि टाचेच्या कळांपुढे पाठीचं दुखणं त्याच्या लक्षातही येत नाही.

असं का होतं, हे टाच ज्याची बनली आहे त्यावरून कळतं. टाचेचं हाड आतून स्पंजसारखं जाळीदार, बाहेरून अंड्याच्या टरफलासारखं पातळ. जोर झेलताना ते चेपून चपटं होतं. उरलेला जोर नडगीतून मांडीत, तिथून कमरेच्या हाडात आणि मग मणक्यांत चढतो. पाठीचे १२ मणके बरगड्यांनी जखडलेले, त्याखालचे कमरेचे ५ मोकळे. फावड्याचा दांडा लोखंडातून बाहेर पडतो नेमका तिथेच मोडतो ना, तसंच इथेही. जखडलेलं आणि मोकळं जिथे भेटतं त्या जागी, म्हणजे पाठीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी, ताण गोळा होतो.

शाळेच्या पुस्तकात सांगाडा नावांच्या यादीने शिकवतात. २०६ हाडं पाठ होतात, पण ती तशीच का, हे डोक्यात शिरत नाही. मोडतोडीच्या बाजूने गेलं तर लवकर शिरतं, असं माझं मत. म्हणून इथे यादी टाळून मोडणाऱ्या जागाच घेतो.

आधी माल कसला आहे ते पाहू. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांत ते हाड रबरासारखं वाकायला लागतं, कारण आम्लाने क्षार विरघळून गेले आणि मागे राहिले ते कोलॅजन या प्रथिनाचे धागे. दुसरं हाड निखाऱ्यांवर पांढरं होईपर्यंत जाळा. आकार तोच राहतो, पण चिमटीत धरलं की भुगा. इथे धागे जळाले आणि क्षार उरले. माणसाच्या हाडात वजनाने दोन तृतीयांशाच्या आसपास क्षार (मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे), पाव भागाच्या आत-बाहेर कोलॅजन आणि बाकी पाणी. दाब क्षार सोसतात, ताण धागे सोसतात. त्यामुळे हाड दाबाला सगळ्यात चिवट, ओढीला त्याहून कमी आणि पिळाला सगळ्यात कच्चं. मैदानात बुटाचे खिळे मातीत रुतून बसले आणि खेळाडू वरच्या वर वळला, तर नडगी मळसूत्रासारखी फिरत मोडते ती त्यामुळेच.

या दोन घटकांचं प्रमाण वयानुसार बदलतं. नाशिककरांना हे द्राक्षाच्या काडीवरून चटकन कळेल. कोवळी, हिरवी काडी वाकवा. एका बाजूने सोलटते, दुसऱ्या बाजूने धरून राहते, तुकडे पडत नाहीत. पक्व झालेली, तपकिरी काडी मात्र कटकन तुटते. मुलांचं हाड हिरव्या काडीसारखं मोडतं. एका बाजूचं कवच तडकतं, दुसरी बाजू नुसती वाकते. वरचं जाड अस्तर बहुधा शाबूत असतं, म्हणून मुलांची हाडं जागेवर राहतात आणि लवकर भरतात. मोठ्या माणसाला जिथे सहा आठवडे लागतात तिथे लहान मुलाचं तीन-चार आठवड्यांत आटोपतं. सुश्रुतसंहितेत हा फरक हाडाच्या जातीनुसार सांगितला आहे: कूर्चेसारखी (नाका-कानातल्या मऊ हाडासारखी) कोवळी हाडं वाकतात, नळीची मोडतात, कवटीसारखी चपटी फुटतात आणि दात तडकतात. आजच्या एक्स-रेवरही यात खोडण्यासारखं काही सापडत नाही.

मुलांच्या हाडात आणखी एक कच्ची जागा असते. लांब हाडाच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते आणि उंची वाढते ती तिथूनच. मुलींमध्ये ती साधारण १४-१५व्या वर्षी आणि मुलांमध्ये १६-१७व्या वर्षी हाडात विरून जाते. तोवर एक्स-रेवर ती काळी रेघ दिसते आणि नवख्याला तोच मोड वाटतो, म्हणून डॉक्टर कधी कधी दुसऱ्या, चांगल्या हाताचाही एक्स-रे मागवतात. या चकतीला इजा झाली तर हाड भरल्यावरही हात किंवा पाय वाकडा वाढू शकतो. तेव्हा प्लास्टर निघालं म्हणून सुटलो असं समजू नका, पुढचं वर्षभर सांगितलेल्या तारखांना दाखवत राहा.

पाच ते सात वर्षांची मुलं हात टेकून पडली की कोपराच्या जरा वर मोडतात. हात ताठ केला की कोपराचं टोक दंडाच्या हाडात मागच्या खळग्यात बसतं, वाकवला की पुढचं हाड पुढच्या खळग्यात. दोन्ही खळगे एकमेकांसमोर असल्याने मधलं हाड कागदाइतकं पातळ उरतं. मोकळी हालचाल हवी म्हणून निसर्गाने मजबुती कापली, असं म्हणा. गाठ आहे ती पुढची: त्या मोडाच्या समोरूनच हाताची मुख्य धमनी जाते. हाताची बोटं पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, मनगटाची नाडी लागेना, किंवा मिटलेली बोटं कुणी हलक्या हाताने सरळ केली तरी मूल किंचाळलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, वाट पाहू नका. रक्त न मिळालेला स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचा मरायला लागतो, आणि मग बोटं आकड्यासारखी आखडून बसतात. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर सूज वाढते आणि नेमकं हेच होतं. सगळे हाडवैद्य वाईट असं म्हणणं नाही. पण मुलाच्या कोपराला घट्ट पट्टी बांधू देऊ नये, यात मी तडजोड करणार नाही.

मोटारसायकलवरून खांद्यावर पडणाऱ्यांचं गळ्याखालचं आडवं हाड जातं. पुस्तकात ते जत्रुक, बोलीत कॉलर बोन. बोट फिरवून पाहा, ते आतल्या दोन तृतीयांश भागात पुढे फुगलेलं आणि बाहेरच्या भागात मागे वळलेलं लागेल. ही दोन वळणं जिथे बदलतात, म्हणजे मधला भाग संपून बाहेरचा तिसरा हिस्सा सुरू होतो तिथे, हाड सगळ्यात बारीक असतं आणि त्यावर स्नायूंचा पांघरूणही नसतो. बहुतेक मोड तिथलेच. हात आणि धड यांना हाडाने जोडणारा हा एकच दुवा आहे. खांद्याचं पातं म्हणजे फरा, तो तर पाठीवर स्नायूंच्या जोरावर नुसता तरंगतो. म्हणूनच खांदा इतका फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही सर्वांत जास्त. आणखी एक गंमत: गर्भात सगळ्यात आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड बनायला सुरुवात होते ती याचीच, आणि आतलं टोक पूर्ण सांधतं ते मात्र विशी उलटून गेल्यावर.

मनगटाचे दोन मोड सांगायलाच हवेत, कारण एक उघड दिसतो आणि दुसरा लपतो. घसरताना आपण हात पुढे टेकतो. अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड मनगटापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर, जिथे जाड नळी संपून जाळीदार भाग सुरू होतो, तिथे मोडतं. पंजा मागे सरकतो आणि बाजूने पाहिलं तर हात जेवणाच्या काट्यासारखा बाक घेतो. १८१४ मध्ये अब्राहम कॉलेस या आयरिश शल्यवैद्याने तो एक्स-रेशिवाय, नुसता पाहून आणि चाचपून वर्णिला. पन्नाशी उलटलेल्या बाईचं मनगट साध्या घसरण्याने असं मोडलं, तर त्या मोडाकडे हाडं ठिसूळ झाल्याची पहिली चिठ्ठी म्हणून पाहावं. पाच-दहा वर्षांनी येणारी दुसरी चिठ्ठी खुब्याची असते.

लपणारा मोड तरुणांचा. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ दोन दोऱ्यांमध्ये एक खड्डा पडतो. तपकीर ओढणारे चिमूट तिथेच ठेवत, म्हणून इंग्रजी शरीररचनेत त्याचं नावच तपकिरीची डबी. पडल्यानंतर या खड्ड्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी मोड नाही असं धरू नका. तळाशी होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं, त्याची फट पहिल्या दिवशी बरेचदा दिसत नाही. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि मागे वाहत येतं. मध्ये मोडलं की मागचा तुकडा उपाशी. लचक म्हणून तेल चोळत राहिलं तर तो तुकडा मरतो आणि तिशीतच मनगट कामातून जातं. लचकेवर तेल चोळायची आपली सवयच मुळात वाईट, पण या एका जागी ती फारच महाग पडते.

आता आकड्याचं. प्रौढ माणसात २०६ हाडं: कवटी, कान, गळा, मणका, छाती मिळून ८० आणि हातपाय व त्यांना धरणारी हाडं मिळून १२६. प्रत्येक हातात ३० आणि प्रत्येक पायात ३०, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायांतच गेली. चरकाने ३६० मोजली आणि सुश्रुताने ३००. त्यांची मोजणी चुकली असं नव्हे, दात, कूर्चा असं बरंच काही त्यांनी हाडांत धरलं होतं, चरकाने तर नखंही. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आयुर्वेदाचे विद्यार्थी हे दोन्ही हिशेब शिकतात, परीक्षेत गोंधळतातही. बाळात मात्र खरंच जास्त हाडं असतात, पावणेतीनशे ते तीनशे, ती पुढे एकमेकांत मिसळतात. डोक्यावरची टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली न भरलेली जागा. मागची दोन-तीन महिन्यांत आणि पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. तेल लावायला हरकत नाही, दाबू नये. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, आणि तापात बाळ शांत असतानाही ती फुगलेली राहिली तर लगेच दवाखाना.

बरगड्या २४, म्हणजे १२ जोड्या. वरच्या सात सरळ छातीच्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्याच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेताना त्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात आणि छाती बाजूंनी रुंदावते. हँडल छातीत घुसलं की बहुतेक चौथी ते नववी मोडते, कारण वरच्यांना खांद्याचा आडोसा आणि खालच्या दोन पुढच्या टोकाने मोकळ्या. पूर्वी मोडलेल्या बरगडीवर छाती आवळून पट्टी बांधत. ते बंद झालं आहे. आवळल्याने दुखणं कमी होतं खरं, पण खोल श्वासही थांबतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. दुखण्याची गोळी वेळेवर घेऊन दर तासाला दहा खोल श्वास घेणं आणि खोकताना उशी छातीशी धरणं, एवढाच उपचार. दम लागला किंवा खोकल्यातून रक्त आलं तर मात्र तो घरचा प्रश्न नाही.

मणक्याकडे वळू, कारण जिल्ह्यातल्या निम्म्या तक्रारी तिथल्याच वाटतात. वाढलेल्या माणसात ३३ मणक्यांचे २६ उरतात: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली पाच मिळून एक झालेलं त्रिकास्थी आणि चार मिळून एक झालेलं माकडहाड. मधल्या २३ गाद्या मिळून कण्याच्या लांबीचा जवळपास चौथा भाग होतो. दिवसभर उभं राहून त्यातलं पाणी दाबाने निघतं, म्हणून संध्याकाळी आपण सकाळपेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर बुटके असतो. रात्री ते परत भरतं.

'गादी सरकली' हा शब्द फसवा आहे. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती कुठे सरकत नाही. तिचं बाहेरचं कडं चिवट धाग्यांचं, आत मऊ गर. वर्षानुवर्षं वाकून कडं मागच्या बाजूने झिजतं आणि एक दिवस गर फुगून नसेवर टेकतो. पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. हे बहुतांश कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांतच घडतं, कारण वाकणं आणि वजन दोन्ही तिथे सर्वांत जास्त.

पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोचं कॅरेट उचलणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. कॅरेट अंगापासून दूर, मणक्यापासून ४० सेंटिमीटरवर धरलं, तर ते नुसतं तोलायला स्नायूंना १६० किलोचा जोर लावावा लागतो. छातीशी, २० सेंटिमीटरवर धरलं की तेच काम ८० किलोत होतं. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तेव्हा 'पाठ सरळ ठेव' या सल्ल्यापेक्षा 'जवळ धर' हा सल्ला जास्त कामाचा. उचलून झाल्यावर कमरेतून न वळता पाय फिरवावेत, वाकणं आणि पिळणं एकत्र आलं की कडं फाटतं. सकाळी उठल्याउठल्या पहिल्या अर्ध्या-एक तासात गाद्या पाण्याने टम्म असतात, तेव्हा वाकून जड उचलू नये. उसण भरली तर दोन दिवसांपलीकडे झोपून राहू नका, हळूहळू चालायला लागा. गादीचे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. थांबू नये अशी खूण एकच गटातली: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा. त्यात तास मोजावे लागतात.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब, उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकं. मधली नळी इतकी मजबूत की तरुणाची मोडायला ट्रकच लागतो. मोडली तर बाहेर जखम नसतानाही मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साठतं. चेहरा पांढरा पडलेला, घाम सुटलेला आणि मांडी फुगलेली असेल तर ते 'नुसतं फ्रॅक्चर' नसतं.

म्हातारपणी मात्र त्याच हाडाची मान मोडते, मोरीत पाय घसरायचं निमित्त पुरतं. मान नळीशी साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते. त्यामुळे पाय मोकळा फिरतो, पण शरीराचं सगळं वजन तिरप्या टेकूवर येतं. आत जाळीच्या रेघा वजनाच्या वाटेनेच रचलेल्या असतात. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने कापलेलं असं हाड पाहिलं आणि त्याला त्यात यारीतल्या (क्रेनमधल्या) ताणाच्या रेघा दिसल्या. १८९२ मध्ये युलिउस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने त्यावरून नियम मांडला: भार जिथे पडतो तिथे हाड चढतं, पडत नाही तिथून उतरतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड वजनरहित अवस्थेत महिन्याला एक-दीड टक्का घटतं, तेही याच हिशेबाने. पलंगाला खिळलेल्या आजीचंही तेच होतं.

पडल्यावर पाय आखूड झाला आणि पाऊल बाहेर वळलं, तर खुबा मोडला असं समजा आणि उठवू नका. मान सांध्याच्या पिशवीच्या आत मोडली की हाडाच्या चेंडूसारख्या टोकाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि तो चेंडू मरू शकतो, म्हणून वयस्कांना बहुधा कृत्रिम खुबा बसवतात. थोडं खाली मोडलं तर रक्त शाबूत असतं, तिथे रॉड पुरतो. दोन्हीत शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि लगेच बसवणं महत्त्वाचं, कारण माणूस दगावतो तो पडून राहिल्याने, न्यूमोनिया आणि रक्ताच्या गाठींनी.

हाड ठिसूळ झालंय का, हे रक्तातल्या कॅल्शियमवरून कळत नाही, आणि ही चूक शिकलेली माणसंही करतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम, साधारण एक किलो, हाडांत असतं. रक्तात ते १०० मिलिलीटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ठेवावंच लागतं, नाहीतर हृदय आणि नसा बिघडतात. कमी पडलं की गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी हाडांतून काढून रक्तात भरतात. त्यामुळे रिपोर्ट 'नॉर्मल' आणि तिजोरी रिकामी, असं बिनदिक्कत चालतं. खरी तपासणी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुणाच्या हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ठिसूळपणा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणका दबला आहे का, तेही पाहावं.

प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची नागली (नाचणी) इथे खरंच सोनं आहे. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे १७५. पाव लिटर दुधात ३००. गोळी घ्यायची तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून दोनदा विभागून. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, लोहाच्या गोळीपासून वेगळी, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर. ड जीवनसत्त्वासाठी आपण सकाळचं कोवळं ऊन सांगत आलो, पण त्यात हवे ते किरण फार कमी असतात. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर फारसं काही बनत नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा, काचेआड नको. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे देतात. त्यापुढे मनाने वर्षभर खात राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मुतखडा, उलट्या, गोंधळ अशी भलतीच लक्षणं येतात.

गुडघ्यात मोडण्यापेक्षा झिजणंच जास्त. 'वंगण संपलं' म्हणतात, पण निरोगी गुडघ्यातही वंगण चमचाभरच, ५ मिलिलीटरच्या आत असतं. झिजते ती कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, दाबलं-सोडलं की स्पंजासारखी ती पोषण शोषते. म्हणून बसून राहणं गुडघ्याला मानवत नाही. पायऱ्या चढता-उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो, आणि उतरणं जास्त बोचतं. सप्तशृंगीला चढून आल्यावर दुखतं म्हणणारे खरं तर उतरून आलेले असतात. उतरताना ट्रॉली घेतली तर देवी रागावणार नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उंची अशी की हात सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी येईल.

शेवटी मोड झाल्यावर काय. हाड भरायला रक्ताची गाठ, मग मऊ जोड, मग कठीण जोड अशी पायरीपायरीने वेळ लागते. मनगट सहा आठवडे, नडगी बहुधा चार-पाच महिने, कारण तिच्या खालच्या भागावर मांस नाही आणि रक्तही कमी येतं. तंबाखू, बिडी, मिश्री चालू असेल तर त्यात आणखी महिने धरा. जागेवर अंगठ्या, पाटल्या, बांगड्या, जोडवी आधी काढा, सूज आल्यावर कापाव्या लागतात. वाकडं हाड सरळ करू नका. पुठ्ठा किंवा फळी मोडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून बांधा. जखमेवर हळद, कॉफी नको, स्वच्छ कापड पुरे. शस्त्रक्रिया लागेल असं दिसलं तर चहासुद्धा देऊ नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर उचलू नका, १०८ला फोन करा. प्लास्टर घातल्यावर पहिले दोन दिवस तो भाग छातीपेक्षा वर ठेवा आणि बोटं हलवत राहा. दुखणं औषधाने कमी न होता वाढत गेलं, बोटं निळी किंवा बधिर झाली, तर प्लास्टर त्याच रात्री चिरून घ्यावं लागतं. आत खाजलं म्हणून विणायची सुई घालू नका. त्या ओरखड्यांत पू झाला तरी प्लास्टर काढेपर्यंत कळत नाही.